धावपट्टी कोणाची, टर्मिनल कोणाचे? सांबरा, दाबोळी आणि लष्कराच्या शेजारचे विमानतळ

बेळगाव, गोवा, पुणे, ग्वाल्हेर. चार गावे, चार राज्ये, पण विमानतळाच्या बाबतीत एक गोष्ट समान. प्रवासी ज्या आवारात बॅगा घेऊन उभे असतात त्याच आवाराला लागून हवाई दल किंवा नौदल आहे. विमान उशिरा सुटले की लोक म्हणतात, "मिलिटरीवाल्यांनी अडवलं असेल." नवे विमान मिळाले नाही की तेच कारण पुढे येते. कधी ते खरे असते, कधी अजिबात नसते.

फरक कळायचा असेल तर टर्मिनलची काच आणि फरशी बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा लागतो: धावपट्टी कोणाच्या मालकीची आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरावर विमानाची वेळ, संख्या आणि तक्रार कोणाकडे करायची हे सगळे ठरते.

दोन प्रकारची शेजारदारी

देशात वीसहून अधिक ठिकाणी प्रवासी विमाने लष्करी धावपट्टीवर उतरतात. अशा जागेला सरकारी भाषेत 'सिव्हिल एन्क्लेव्ह' म्हणतात. सोप्या शब्दांत, लष्कराच्या वाड्यात नागरी वाहतुकीला दिलेली एक खोली. टर्मिनल इमारत, चेक-इन, विमाने उभी करायचा ॲप्रन आणि तिथून धावपट्टीपर्यंतचा जोडरस्ता भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. धावपट्टी, नियंत्रण मनोरा आणि वरचे आकाश हवाई दलाकडे किंवा नौदलाकडे. पुण्याचे लोहगाव, ग्वाल्हेरचे महाराजपुरा आणि गोव्याचे दाबोळी ही या प्रकारची उदाहरणे.

दुसरा प्रकार उलटा. धावपट्टी प्राधिकरणाची आणि शेजारी लष्कर. बेळगावचे सांबरा या प्रकारात येते. विमानतळ प्राधिकरण चालवते आणि शेजारी हवाई दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे.

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गेटजवळ वर्दीतले जवान, फोटो काढू नका असा फलक, तारेचे कुंपण. पण आतला कारभार वेगळा असतो. पहिल्या प्रकारात नवे विमान सुरू करायचे तर कंपनीला प्राधिकरणाच्या आधी लष्कराची वेळ सांभाळावी लागते. दुसऱ्या प्रकारात कंपनीला परवडते का, हा प्रश्न आधी येतो.

एक दिवस, तीन धावपट्ट्या

सांबरा, लोहगाव आणि दाबोळी या तिन्ही नावांची इतिहासात एकदा थेट गाठ पडली आहे. तारीख १८ डिसेंबर १९६१, गोवामुक्तीची 'ऑपरेशन विजय' मोहीम.

सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिशांच्या हवाई दलाने १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. उत्तर कर्नाटकातला हा सर्वांत जुना विमानतळ. लोहगावचा तळही त्याच सुमाराचा, १९३९ चा. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी पन्नासच्या दशकात तयार केली. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर बाहेरच्या जगाशी हवाई संपर्क ठेवणे हा त्यामागचा हेतू होता.

१८ डिसेंबरला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. टर्मिनल आणि इतर इमारतींना धक्का लावायचा नाही, असे ठरलेले होते. सांबऱ्याहून गेलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र निकामी केले. उखडलेल्या धावपट्टीवरूनही पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमाने रात्री उडाली आणि कराचीमार्गे निसटली.

त्यानंतर तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सुलूरला १९६१ मध्ये सुरू झालेला नौदलाचा 'आयएनएस हंसा' हा तळ १९६४ मध्ये दाबोळीला आला आणि तिथेच स्थिरावला. लोहगाव हवाई दलाच्या लढाऊ विमानांचा महत्त्वाचा तळ बनला. सांबऱ्याला मात्र लढाऊ विमाने कायमची राहिली नाहीत, तिथे जवान घडवणारी शाळा राहिली. आज तिन्ही ठिकाणच्या प्रवाशाला येणारा अनुभव वेगवेगळा का, याचे मूळ या वाटण्यांत आहे.

दाबोळी: सकाळ नौदलाची

गोव्याला वर्षानुवर्षे जाणाऱ्यांना एक गोष्ट माहीत आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत सकाळी साडेआठ ते दुपारी एक या वेळेत दाबोळीला प्रवासी विमानांची वर्दळ एकदम ओसरायची. ही वेळ नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवण्याची पद्धत होती. एवढा वेळ धावपट्टी मिळणार नाही म्हटल्यावर उरलेली सगळी विमाने दुपारनंतर आणि रात्री दाटीवाटीने यायची. टर्मिनलमधली गर्दी, बॅगांसाठीची वाट, पार्किंगची बोंब या सगळ्याचे एक मोठे कारण हे वेळापत्रक होते. डिसेंबर २०१३ मध्ये नवे टर्मिनल झाले, इमारत मोठी झाली. सकाळचे तास मात्र इमारत बांधून वाढत नाहीत.

नौदल ही जागा सोडत का नाही, असे अनेकदा विचारले जाते. त्याचे उत्तर दाबोळीच्या आवारातच आहे. विमानवाहू जहाजाच्या डेकवर असतो तसा वर वळलेला उड्डाणाचा उतार, म्हणजे स्की-जंप, इथे जमिनीवर बांधलेला आहे. जहाजावर प्रत्यक्ष जाण्याआधी वैमानिक इथे सराव करतात. उतरताना विमानाच्या आकड्याने तार पकडून काही मीटरांत थांबायचे असते, त्याचीही सोय इथेच आहे. देशी बनावटीच्या तेजसच्या नौदल आवृत्तीने सप्टेंबर २०१९ मध्ये तार पकडून उतरण्याची पहिली यशस्वी चाचणी दिली ती गोव्यातच. मिग-२९के या नौदलाच्या लढाऊ विमानांचे पथक इथे आहे. लांब पल्ल्याच्या समुद्री टेहळणीच्या पी-८आय विमानांचे पथकही मार्च २०२२ मध्ये इथे दाखल झाले. एवढा पसारा दुसरीकडे उचलून नेणे सोपे नाही.

एकाच धावपट्टीचा धोका

वेळेइतकाच दुसरा मुद्दा म्हणजे धावपट्टी एकच असणे. एकाचा अपघात झाला की दुसऱ्याचे कामही थांबते.

२७ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोव्याहून मुंबईला निघालेले जेट एअरवेजचे विमान उड्डाणासाठी वळताना दाबोळीच्या धावपट्टीवरून घसरले. विमानात १५४ प्रवासी होते, काही जखमी झाले आणि धावपट्टी काही तास बंद राहिली. नाताळ आणि नववर्षाच्या ऐन गर्दीचे ते दिवस होते.

३ जानेवारी २०१८ रोजी उलटे घडले. नौदलाचे मिग-२९के उड्डाणाच्या वेळी धावपट्टी सोडून बाहेर गेले आणि त्याने पेट घेतला. शिकाऊ वैमानिक सुखरूप बाहेर पडला, पण प्रवासी विमाने खोळंबली. जून २०१९ मध्ये उड्डाण करणाऱ्या मिग-२९के विमानाची इंधनाची जादा टाकी धावपट्टीवर पडली. आग विझवून, पट्टी साफ करून ती पुन्हा सुरू करेपर्यंत प्रवासी विमानांना वाट पाहावी लागली.

पट्टी साफ करायला एवढा वेळ का लागतो? लढाऊ विमानाचे इंजिन समोरची हवा प्रचंड जोराने आत ओढते. एखादा खडा किंवा पत्र्याचा तुकडा आत गेला तरी पाती तुटू शकतात. म्हणून अशा धावपट्टीची पाहणी जवळजवळ झाडलोट करावी तशी बारकाईने होते. शिवाय लढाऊ विमाने एकामागोमाग एक जोड्यांनी उडतात आणि परतताना त्यांच्याकडे इंधन मोजकेच असते. त्यांना उतरायला आधी वाट द्यावी लागते. तेवढी मिनिटे प्रवासी विमान वर घिरट्या घालते किंवा खाली उभे राहते. प्रवाशाला खिडकीतून काहीच हालचाल दिसत नाही आणि तो वैतागतो. पण ती मिनिटे रिकामी नसतात.

१५ फेब्रुवारी २०२० ला लोहगावला घडलेला प्रसंग त्याहून गंभीर होता. दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीवर वेग घेत असताना वैमानिकाला समोर जीप आणि माणूस दिसला. त्याने विमान लवकर उचलले, तेव्हा विमानाचा मागचा भाग धावपट्टीला घासला. विमान दिल्लीला सुखरूप उतरले. एकाच पट्टीवर दोन यंत्रणांची माणसे आणि गाड्या वावरत असतील तर दोघांमधला संवाद किती चोख असायला हवा, हे त्या काही सेकंदांत दिसले.

पट्टी दुरुस्तीला गेली की

घराचा मालक छप्पर दुरुस्तीला काढतो तेव्हा भाडेकरूला सोय बघावी लागते. पुणेकरांनी हे २०२०-२१ मध्ये अनुभवले. लोहगावच्या धावपट्टीचे काम हवाई दलाने हाती घेतले. ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद राहिली. शेवटच्या टप्प्यात १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे १४ दिवस विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला. दिवाळी तोंडावर होती. पुण्याचे प्रवासी मुंबईकडे वळले.

असे काम करायलाच हवे, त्यात वाद नाही. पण दोन धावपट्ट्या असलेल्या विमानतळावर एक चालू ठेवून दुसरी दुरुस्त करता येते. एकच असेल तर सगळे ठप्प.

सीमेवर तणाव वाढला की

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'नंतर उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी काही दिवस बंद करण्यात आले. १२ मे रोजी ते पुन्हा खुले झाले. त्या यादीत श्रीनगर, जम्मू, जोधपूर, भुज, जामनगर असे लष्कराशी जोडलेले अनेक विमानतळ होते. त्याआधी ७ मे रोजी रद्द झालेल्या उड्डाणांत ग्वाल्हेरचीही उड्डाणे होती.

ग्वाल्हेर सीमेपासून बरेच आत आहे, मग ते का? कारण महाराजपुरा हा मिराज-२००० विमानांचा तळ आहे. फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्यातली मिराज विमाने ग्वाल्हेरहून निघाली होती. शिंदे सरकारच्या काळापासून तिथे वसलेल्या मराठी कुटुंबांना पुण्या-मुंबईला लग्नकार्यासाठी जायचे असले की विमान ही आता नवलाई राहिलेली नाही. पण देशावर प्रसंग आला की तिथला पहिला हक्क कोणाचा, हे त्या आठवड्यात कळले.

त्याच महिन्यात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने लष्करी तळांवरच्या प्रवासी विमानांत उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी खिडक्यांचे पडदे खाली ठेवण्याचा आदेश दिला होता. आपत्कालीन दारांजवळच्या रांगा त्यातून वगळल्या होत्या. फोटो आणि व्हिडिओ काढण्यावरच्या बंदीचीही पुन्हा आठवण करून देण्यात आली. रील बनवण्याच्या नादात मागे उभे असलेले लढाऊ विमान किंवा हँगर टिपला गेला तर कारवाई होऊ शकते.

सांबऱ्याचे दुखणे वेगळे

आता बेळगावकडे. शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर सांबरा. इथल्या हवाई दलाच्या केंद्रात देशभरातून भरती झालेल्या जवानांना पहिले प्रशिक्षण मिळते. अग्निवीर योजनेतील हवाई दलाच्या तुकड्या इथेच घडतात. महिला अग्निवीरांची पहिली तुकडीही डिसेंबर २०२३ मध्ये इथूनच बाहेर पडली. म्हणजे शेजारी कवायतीचे मैदान आहे, लढाऊ विमानांचा रोजचा सराव नाही. दाबोळीसारखे सकाळचे साडेचार तास इथे कोणी राखून ठेवलेले नाहीत.

इथला तिसरा भागीदार वेगळाच आहे. वैमानिक प्रशिक्षण संस्थांना जागा देण्यासाठी प्राधिकरणाने २०२१ मध्ये पाच विमानतळ निवडले, त्यात बेळगाव आणि जळगाव ही नावे होती. त्यामुळे आज सांबऱ्याच्या आकाशात घिरट्या घालणारे छोटे विमान दिसले तर ते हवाई दलाचेच असेल असे नाही, ते शिकाऊ वैमानिकाचे असू शकते.

मग बेळगावला विमाने कमी-जास्त का होतात? त्याचे उत्तर तिकिटाच्या हिशेबात आहे. राज्य सरकारने दिलेल्या ३७० एकर जमिनीवर विस्तार झाला, धावपट्टी २,३०० मीटरची झाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. पण पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, स्पाईसजेटने इथली उड्डाणे हुबळीला नेली. हुबळी 'उडान' योजनेत होते, बेळगाव नव्हते. टर्मिनल नवे कोरे आणि विमाने मोजून एक-दोन, अशी अवस्था झाली. त्यावर शहरात आंदोलने झाली, व्यापारी आणि उद्योजकांनी पाठपुरावा केला. अखेर जानेवारी २०१९ मध्ये 'उडान'च्या तिसऱ्या फेरीत बेळगावचा समावेश झाला.

'उडान'चे गणित असे. कंपनीने ठराविक जागा मर्यादित दराने विकायच्या, त्यातली तूट सरकारने भरून द्यायची आणि त्या मार्गावर तीन वर्षे दुसऱ्या कंपनीला येऊ द्यायचे नाही. त्या आधारावर इंदूर, सुरत, नाशिक, नागपूर, अहमदाबाद अशी नावे टप्प्याटप्प्याने सांबऱ्याच्या फलकावर आली. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरचा त्यात मोठा वाटा. बेळगावहून इंदूरला थेट विमान जाते म्हटल्यावर दोन्हीकडच्या मराठी मंडळींना अप्रूप वाटणे साहजिक होते. पण तीन वर्षांची मदत संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. छोट्या विमानातही जागा रिकाम्या राहू लागल्या तर कंपनी ते विमान दुसरीकडे वळवते. यात हवाई दलाचा संबंध नाही.

सांबऱ्याचा प्रवासी तरी कोण? एकट्या बेळगाव शहराचा नव्हे. खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, आजरा या भागातला माणूसही इकडे येऊ शकतो. राज्याची सीमा मध्ये असली तरी अंतर जवळचे. पण त्याच माणसाला कोल्हापूर, हुबळी आणि आता मोपा हेही पर्याय आहेत. शंभर-दीडशे किलोमीटरच्या टापूत एवढे विमानतळ असताना प्रवासी वाटला जातो. दर आणि वेळ जिथे सोयीची, तिकडे तो जातो.

मोपा आल्यावर दाबोळीचे काय?

मोपा विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथे प्रवासी विमाने सुरू झाली. पेडणे तालुक्यातला हा विमानतळ सिंधुदुर्गाच्या वेशीवर आहे. तिथे धावपट्टी नागरी, त्यामुळे सकाळच्या तासांची अडचण नाही. विमान कंपन्यांना हवे तेव्हा उतरता येते.

म्हणूनच दक्षिण गोव्यात धाकधूक आहे. टॅक्सीवाले, हॉटेलवाले, छोटे दुकानदार यांचे पोट दाबोळीवर आहे. विमाने हळूहळू उत्तरेला सरकली तर दाबोळी पुन्हा निव्वळ नौदलाचा तळ होईल, ही भीती ते बोलून दाखवतात. सरकारने दोन्ही विमानतळ चालू राहतील असे सांगितले आहे. तरी ही भीती हवेतून आलेली नाही. हैदराबादला शमशाबादचा नवा विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला आणि बेगमपेठची नियमित प्रवासी वाहतूक त्याच वेळी बंद झाली. पुढे बेगमपेठ लष्करी आणि सरकारी विमानांपुरते उरले. बेगमपेठ बंद झाले ते करारामुळे, एका दिवसात. दाबोळीबाबत चिंता आहे ती बाजारामुळे विमाने एकेक करून कमी होण्याची. परिणाम मात्र सारखाच असू शकतो.

मागणी कोणाकडे करायची?

१० मार्च २०२४ रोजी एकाच कार्यक्रमात पंतप्रधानांनी पुणे, कोल्हापूर आणि ग्वाल्हेरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन केले, तर बेळगाव आणि हुबळीच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी केली. इमारती मोठ्या होत आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण निवेदन देण्याआधी अडचण नेमकी कुठली हे ओळखले तर वेळ वाचतो.

- वेळेची अडचण असेल (दाबोळी, लोहगाव, ग्वाल्हेर): धावपट्टीचे जादा तास संरक्षण मंत्रालय आणि संबंधित दलाच्या संमतीनेच मिळतात. विमान कंपनीला किंवा टर्मिनलच्या व्यवस्थापकाला जाब विचारून उपयोग नाही. खासदारांनी दोन्ही मंत्रालयांना एकत्र बसवणे हाच मार्ग.
- विमानेच कमी असतील (सांबरा): मागणी विमान कंपन्या, नागरी विमान वाहतूक मंत्रालय आणि राज्य सरकारकडे. विमान इंधनावरचा कर राज्याच्या हातात असतो. किती प्रवासी कुठे जातात याची आकडेवारी व्यापारी संघटनांनी मांडली तर कंपनी ऐकते.
- सोयींची तक्रार असेल (शौचालय, ट्रॉली, पार्किंग): दोन्ही प्रकारांत विमानतळ प्राधिकरण.
- लष्करी कारणाने विमान रद्द झाले तर: सुरक्षा किंवा हवाई नियंत्रणाच्या कारणाने रद्द झालेल्या विमानासाठी कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. पण तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरे विमान, यातला एक पर्याय मागण्याचा हक्क प्रवाशाला आहे. काउंटरवर तो मागावा.
- पुढचे विमान पकडायचे असेल तर: लष्करी धावपट्टीवरून निघताना जोडविमानासाठी हातात जादा वेळ ठेवावा. परदेशी जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

सांबऱ्याचे नवे टर्मिनल पूर्ण होईल तेव्हा त्याच्या उद्घाटनाची बातमी मोठी होईल. त्या दिवशी बेळगाव, चंदगड आणि खानापूरच्या प्रवाशांनी विचारायचा प्रश्न साधा आहे: रोज किती विमाने, कुठे आणि किती दिवस टिकणार? त्याचे उत्तर शेजारच्या हवाई दलाकडे नाही. ते दिल्ली, बेंगळुरू आणि विमान कंपन्यांच्या कार्यालयांत आहे.